तीन बाय चार

दिवाळीच्या सुट्टीत ताई नाशिकहून आली आणि लेकाला माझ्या अंगावर सोडून चकलीच्या सोऱ्याशी झटत बसली. भाचा दहा वर्षांचा. "मामा, माइनक्राफ्ट खेळूया," म्हणाला तेव्हा तो ठोकळ्यांनी घरं बांधायचा खेळ माझ्या मोबाइलमध्ये घालूनही झाला होता.

पहिली दहा मिनिटं मी नुसतं आभाळ बघितलं. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची. माझी मान जी वर गेली ती खाली येईना. मग झाड तोडायचं, तेही बुक्क्या मारून. आमच्या बोरिवलीत फांदी छाटायची तरी पालिकेची परवानगी लागते हो!

या जगाची रुंदी सहा कोटी ठोकळे आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर, असं भाच्याने सांगितलं. ना सातबारा, ना बिल्डर, ना हप्ता. मला भरूनच आलं. त्याने डोंगरावर महाल उठवला. मीही घाम गाळून घर बांधलं आणि मोजलं, तर तीन बाय चार ठोकळे. बारा चौरस मीटर, म्हणजे जवळपास १३० चौरस फूट. गिरगावातली आमची चाळीतली खोली! पुढे गॅलरीसुद्धा काढली होती.

"मामा, हे टॉयलेट आहे का?"

उत्तर सुचेपर्यंत सूर्य मावळला. तिथला दिवस दहा मिनिटांचा, आणि दोघंही आडवे झाल्याशिवाय रात्र झटकन सरत नाही. पलंगाला लोकर हवी, लोकरीला मेंढी हवी, आणि माझी मान पुन्हा आभाळात. "झोप ना मामा!" भाचा महालातून ओरडत होता. त्याला झोपवताना मी जो सूर लावतो, अगदी तोच.

तेवढ्यात एक हिरवं, बिनहाताचं ध्यान दारात आलं. दार उघडंच होतं. चाळीत दार लावलं की लोक 'बरं नाही का' म्हणून विचारायला येतात, ती सवय. शेजारी असेल म्हणून मी सरकून जागा दिली. फुस्स झालं आणि खोली, गॅलरी, मी, सगळंच गेलं.

"क्रीपर होता तो, जवळ येऊन फुटतो! दार कोण उघडं ठेवतं? आता मोठं बांध."

मी मुकाट्याने पुन्हा ठोकळे रचले. तीन बाय चार. पिठाचे हात पदराला पुसत ताई मागे येऊन उभी राहिली, जरा वेळ बघत राहिली.

"मोरी डावीकडे होती रे," ती म्हणाली.