पसाभर

दिवाळीच्या सुट्टीतली पहाट. मायनं पांघरूण ओढलं. "ऊठ. चांदी रवंथ करून नाई राहिली. उभीच हाये, दात खाऊन राहिली."

झोपेतच मला सगळं उमगलं. रात्री चार्जर शोधायला मागच्या खोलीत गेलो होतो आणि येताना फोनवर बोलता बोलता कडी लावायची राहिली होती. खोलीत सोयाबीनची पोती. चांदी म्हणजे आर्वीकडची गवळाऊ जातीची गाय, अंगानं पांढरीशुभ्र, वागण्यात मात्र नाही. दावं सोडवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं म्हणालो, "हवामान बदललं ना, त्यानं झालं असंल."

मायनं माझ्याकडे पाहिलं आणि कासरा हातात दिला.

ढोराचा दवाखाना दीड किलोमीटर. एवढ्या वाटेत चार जणांनी चार इलाज सांगितले. एकानं मठ्ठा पाजायला, दुसऱ्यानं गोडंतेल. तिसऱ्यानं नजर लागली म्हणून ठरवलं आणि कोणाची तेही सांगितलं. चौथ्याला इलाज नव्हता, म्हणून तो म्हणाला, "काय मास्तर, दिवायीत शाया बंद, अन गाईले घेऊन कुठी निंगाले? जादा तासाले?"

दवाखान्याच्या आवारात एक कडुनिंब आहे आणि त्याच्या सावलीत लोखंडी पाइपांचा खोडा. इतकी वर्षं मी हे सगळं रस्त्यावरूनच पाहिलं होतं. आत काय चालतं ते त्या दिवशी कळलं, कारण परिचर एकटा होता आणि माझे हात मोकळे होते.

"मास्तर, शेपटी धरा. बुडापासून. सरळ उभी."

"कशाला?"

"अशी धरली का ढोर लाथ मारत नाई." मग जरा थांबून, "शक्यतो."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नुकत्याच इकडे बदलून आलेल्या. त्यांनी चांदीचा ताप पाहायला थर्मामीटर काढला. त्याला दोरा, दोऱ्याला चिमटा आणि चिमटा शेपटीच्या केसांना. चिमटा कशासाठी, असं मी विचारलं. "नाही लावला तर तो शेणाबरोबर परत यायची वाट पाहावी लागते," त्या म्हणाल्या. ताप १०१.५. गाईच्या हिशेबानं हा ताप नाहीच. माणसाला एवढा असता तर आम्ही नागपूर गाठलं असतं.

मग आला तो प्रश्न. "काय खाल्लं?"

"काही नाही हो. कुटार, थोडी ढेप. रोजचंच."

पायरीवर माझ्याच सातवीच्या वर्गातला एक पोट्टा बकरीला जंताचं औषध द्यायला घेऊन बसला होता. "नमस्ते सर," म्हणाला आणि कान टवकारून बसला. बकरीनंही टवकारले.

मॅडमनी स्टेथोस्कोप चांदीच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात लावला. गाईच्या चार कप्प्यांपैकी मोठा कप्पा डावीकडे असतो आणि निरोगी जनावरात दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी तो गडगडतो. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली. आत अगदी परीक्षेच्या वर्गासारखी शांतता. मग त्यांनी मूठ दाबली. खड्डा पडला आणि मळलेल्या कणकेत पडावा तसा तिथंच राहिला.

"नक्की काही नाही?"

"मूठभर सोयाबीन असेल," मी म्हणालो. "पसाभर. फार तर."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "थांबा, हे आजोबा उभे आहेत कधीचे. त्यांचं पाहते." मुलाच्या दप्तरात मोबाइल आहे हे पक्कं माहीत असताना मीही असाच दुसऱ्या बाकाकडे वळतो.

आजोबांची म्हैस लंगडत होती. कधीपासून? "आज सकाळपासून, बाई." आज सकाळपासून? "म्हणजे काल जरा होतं." खूर उचलला तर जखम चांगली मुरलेली. शेवटी आजोबा पोळ्यापर्यंत मागे गेले. तिथून मागे जायला त्यांनी ठाम नकार दिला. परिचर माझ्या कानाशी लागला, "इथं पेशंट मुका अन मालक खोटा. मॅडमनं कोणाले तपासावं?"

तेवढ्यात एकजण माजावर आलेल्या कालवडीच्या कृत्रिम रेतनासाठी आला आणि मला खोलीतलं नवल पाहायला मिळालं. कोपऱ्यात दुधाच्या कॅनसारखं एक भांडं. झाकण उघडलं की पांढरा धूर. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश, आणि त्यात बुडवलेल्या रेताच्या बारीक नळ्या, प्रत्येकीत पाव मिलिलिटर. पंचक्रोशीचे सगळे वळू त्या भांड्यात उभे, न चारता, न बांधता. नळी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि लगेच कामाला लागायचं. मेमध्ये आमच्याकडे पारा ४६ वर जातो, तेव्हा लोक परिचराला काय विचारतात माहीत आहे? "पाण्याची बाटली ठिवू का जराशी त्यात?" सरपंचांनी कोल्ड्रिंकची विचारली होती म्हणे.

मी परत आलो. परत शेपटी धरली. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, मला दोनच गोष्टी हव्यात. किती खाल्लं आणि कधी. थोडं असेल तर नळी घालून, औषधानं, सलाइननं भागेल. जास्त असेल आणि वेळ गेला असेल तर पोट उघडून उपसावं लागतं. तुम्ही पसाभर म्हणाल, मी पसाभराचा इलाज करीन."

माझ्या तोंडून निघालं, "टोपलंभर असेल."

"सर, मघा पसाभर म्हटलं होतं," पायरीवरून आवाज आला. वर्गात हा पोट्टा एका उत्तराला कधी हात वर करत नाही.

आणि नेमकं तेव्हाच, शेपटी उभी धरलेली असताना, मागून जो खुलासा व्हायचा तो चांदीनंच केला. माझ्या उजव्या हातावर, बाहीवर आणि चपलेवर. पातळ, आंबूस आणि त्यात अख्खे दाणे, फुगून दुप्पट झालेले. परिचर वाकून पाहू लागला. "चांगला माल हाये, मास्तर."

माल चांगलाच होता. आठवडाभर आधी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून आमची पोती परत आली होती. ५,३२८चा हमीभाव ऐकून घरी आणलेलं ते सोयाबीन. चांदीनं ओलावा मोजला नाही, काट मारली नाही, चाळणी मागितली नाही. अर्धं पोतं एका रात्रीत उचललं.

"अर्धं पोतं," मी सांगितलं. "रात्री अकरानंतर. कडी माझ्याच हातून राहिली."

"हां," मॅडम म्हणाल्या, आणि एकदम सगळे कामाला लागले. तोंडात लाकडी आडवं, त्यातून नळी, बादल्यांनी पाणी आत आणि बाहेर. मानेतून सलाइन. बाटली कडुनिंबाच्या फांदीला टांगली, ती पुरेना म्हणून पुढची मी हात वर करून धरली. दुपारपर्यंत असाच उभा, हात वर. शिक्षा करतात तसा. पोट्ट्याची बकरी केव्हाच मोकळी झाली होती, पण तो हलला नाही.

दीडच्या सुमाराला मॅडमनी पुन्हा भकाळीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे दिला. ऐका म्हणाल्या. आधी काहीच नाही. मग लांब कुठंतरी रिकामी बंडी पुलावरून जावी तसा एक गडगडाट. चांदीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घातली.

परिचरानं रजिस्टर उघडलं. "कारण काय लिहू, मास्तर? हवामान?"

संध्याकाळी घरी आलो. चांदीला कोठ्यात बांधलं. पाणी बेतानं पाजायचं, दाणा बंद, उद्या पुन्हा आणायची, असं सगळं मायला समजावून सांगितलं. मॅडम किती चांगल्या आहेत तेही सांगितलं.

"अन झालं कायनं म्हणते?"

"वातावरणच तसं आहे म्हणे सध्या."

मागच्या खोलीत पोत्याशेजारी पायली ठेवलेली दिसली. मायनं मोजून घेतलं होतं. "बराबर हाये," माय म्हणाली. "कडी बी वातावरणानंच उघडली असंल."