‘आता द्यायचा नाही’ म्हणणारे काका

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या चाळीसेक वर्षं जुन्या सोसायटीतला एखादा फ्लॅट पसंत पडावा आणि नेमकी त्याच आठवड्यात गॅलरीच्या ग्रिलवरची ‘विकणे आहे’ ही पाटी उतरावी, हा घर शोधणाऱ्यांच्या पत्रिकेतला योगच असतो. पाटी गेली तरी ती बांधलेल्या तारा लोंबत असतात, त्यामुळे आशाही लोंबत राहते. एजंटला विचारलं तर म्हणतो, ‘सर, पार्टीने होल्डवर टाकलाय. दुसरा दाखवतो, सेम बजेट, नऱ्हेला.’ कोथरूड मागणाऱ्याला शहराच्या कडेचं नऱ्हे सुचवणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. मालकाकडे, म्हणजे काकांकडे, आपणच जावं लागतं.

माझं ठाम मत असं, की पाटी भावामुळे क्वचितच उतरते. ‘पाच लाख वाढवून देतो’ हे पहिलंच वाक्य घेऊन गेलेला माणूस म्हणूनच दारातून परत येतो. पाटी उतरते ती माणसांमुळे. रविवारी सकाळी सहा जणांचं कुटुंब येतं, न विचारता बेडरूममधलं कपाट उघडून बघतं, आणि त्यांचे वास्तुवाले फोनमधलं होकायंत्र धरून त्या घरात तीस वर्षं सुखाने नांदलेल्या काकूंना सांगतात की तुमचा संडास ईशान्येला आहे. असे चार रविवार गेले की कोणीही पाटी उतरवेल. उरलेली कारणं तीन: घरात वाटा असलेली नाशिकची बहीण, विकून जायचं कुठे याचा पत्ता नसणं, आणि पुनर्विकास. आपण ज्या दाराची बेल वाजवणार त्यामागे यातलं कोणतं बसलंय, ते आधी कळायला हवं.

पुनर्विकासाचं उत्तर जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर मिळतं, आणि तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. थकबाकीदारांची यादी आणि टाकी धुण्याची सूचना ओलांडून खाली या. तिथे विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस असेल आणि तिच्यात ‘७९ अ’ (सहकारी संस्था कायद्याचं हे कलम, पुनर्विकासाचे नियम त्याखाली येतात) आणि ‘विकासकाची निवड’ हे शब्द असतील, तर सरळ घरी जा. निम्म्याहून अधिक सभासदांच्या लेखी संमतीने गाडी इथवर आलेली असते. वाढीव कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ), दोन-तीन वर्षांचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, अशी गणितं काकांच्या वहीत मांडून झालेली असतात, त्यापुढे आपली ऑफर म्हणजे चहापाणी. नोटिशीत नुसती ‘पुनर्विकासाबाबत प्राथमिक चर्चा’ असेल तर मात्र खुशाल पुढे जा. ही चर्चा बऱ्याच सोसायट्यांत सेक्रेटरींचे केस काळे होते तेव्हापासून चालू आहे.

वॉचमनला विचारून उपयोग नाही. एजन्सी त्याला दर थोड्या महिन्यांनी बदलते. इस्त्रीवाल्याला विचारा. त्या घरातून एरवी आठवड्याला चार सदरे आणि दोन साड्या येतात, आणि अचानक सात जीन्स आल्या, तर अमेरिकेतला मुलगा आलाय हे त्याला सेक्रेटरींच्या आधी कळतं. मुलगा असताना जाऊ नये. तो मोबाइलवर दर चौरस फुटाचा भाव काढून दाखवतो आणि काका त्याच्यासमोर मवाळ होऊ शकत नाहीत.

मग घरबसल्या नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, काढावी. जिल्हा, गाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकायचं. कॅप्चा पहिल्या फटक्यात पटला तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट घ्यावं. त्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार इथे मोबदला आणि बाजारभाव अशा दोन आकड्यांसकट दिसतात. शेजारच्या बाईंनी ‘आमच्या वरचा एक कोटी चाळीसला गेला’ म्हणून जे पसरवलेलं असतं, त्याचा खरा आकडा इथे सापडतो. तो आपल्यापुरता ठेवावा. काकांपुढे प्रिंटआउट ठेवणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं, आणि खोटा पडलेला मालक फ्लॅट देत नाही. मिळकत पत्रिकेच्या मागे मात्र धावू नका. त्यावर जमिनीच्या मालकाचं नाव असतं आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नसेल तर ते अजून मूळ मालकाचंच निघतं, फ्लॅट कोणाचा हे त्यावरून कळत नाही.

आता पत्र. फोन नको, कारण काकांचा नंबर आधीच तीस एजंटांकडे आहे आणि ते अनोळखी नंबर उचलत नाहीत. पत्र एका पानाचं, मराठीत, आणि अक्षर बरं असेल तर हाताने लिहिलेलं. आपण कोण, घर आधी पाहिलंय का, कर्ज मंजूर आहे का, मध्ये एजंट आहे की नाही, आणि ‘आपल्या सवडीने कळवावे, आम्ही पुन्हा त्रास देणार नाही’. आकडा अजिबात नको. सोसायटीच्या पत्रपेटीत टाकाल तर ते पिझ्झाच्या जाहिराती आणि विजेच्या बिलाखाली संक्रांतीपर्यंत पडून राहील. स्पीड पोस्टाने पाठवा, सही करून घेतलेलं पत्र या पिढीत वाचलं जातं. पूर्वी रजिस्टर्ड पोस्ट आलं की वकिलाची नोटीस समजून घरभर घबराट व्हायची. २०२५ मध्ये ती सेवाच स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे ती भीती तेवढी कमी झाली आहे.

एजंटने घर दाखवलं असेल तर त्याला वगळून जाऊ नये. त्याचा टक्का-दोन टक्का वाचवायला गेलं की तो करारनाम्याच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर येऊन उभा राहतो, आणि तिथे टोकन नंबरची वाट बघत बसलेल्या पन्नास लोकांची मोफत करमणूक होते.

वेळेचं म्हणाल तर माझी पसंती पितृपंधरवड्याला. लोक त्या पंधरा दिवसांत व्यवहार टाळतात, एजंटांचे फोन थंडावतात, आणि काही ठरवायचंच नसल्यामुळे काका मोकळेपणाने बोलतात. बोलणी तेव्हा करावीत, इसार घटस्थापनेनंतर द्यावा.

बोलावणं आलं तर दोघांनीच जावं. टेप नको, वास्तुवाले नकोत. हॉलच्या कोपऱ्यात जरा जास्तच खाली टांगलेलं कॅलेंडर दिसेल. त्याच्यामागे ओल आहे हे काकांनाही माहीत असतं आणि आपल्यालाही, त्या दिवशी कोणीच तिकडे बघायचं नाही. काकू चहा टाकतील. साखर कमी हवी असली तरी बोलू नये. ओट्याचा कडप्पा कधी काढला, ग्रॅनाइट कुठून आणलं, एवढंच विचारावं आणि पूर्ण ऐकून घ्यावं. पाऊण तासाने काका उठतील आणि फाइल आणतील. ही फाइल फाइल नसते, लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची पिशवी असते. तिच्यात १९८७ चा करारनामा, टॅक्सच्या पावत्या, कोणाचं तरी जुनं रेशनकार्ड आणि सोसायटीचा भागदाखला निघतो. पन्नास रुपयांचा एक, असे पाच शेअर, एकूण अडीचशे रुपये. जवळजवळ कोटीचा व्यवहार या अडीचशे रुपयांच्या कागदावर उभा असतो.

हा दाखला उलटा करून मागची बाजू वाचा, हस्तांतराच्या नोंदी तिथे असतात. वडिलांच्या नावावरून काकांच्या नावावर केवळ नामनिर्देशनाने आला असेल, तर नाशिकची बहीण इथेच सापडते. सोसायटीने दाखल्यावर नाव चढवलं म्हणून बाकीच्या वारसांचा हक्क जात नाही. बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर विक्री करारावर तिची सही. पाटी उतरण्याचं खरं कारण अनेकदा या मागच्या पानावर असतं, आणि काका ते ‘सध्या मार्केट बरोबर नाही’ अशा शब्दांत सांगतात.

बहीण नसेल तर प्रश्न कुठे जायचं हा असतो. घर विकून आलेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर साधारणपणे दोन वर्षांत दुसरं राहतं घर घ्यावं लागतं, आणि सत्तरीतल्या माणसाला दोन वर्षं म्हणजे परीक्षेचा पेपर वाटतो. त्यांना बावधनचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट मुलीने दाखवलेला असतो आणि आवडलेला नसतो. इथे ‘ताबा सहा महिन्यांनी दिलात तरी चालेल’ हे एक वाक्य पाच लाखांपेक्षा जास्त काम करतं. ते फुकट नाही. बँकेने नोंदणीच्या दिवशी पन्नास लाख दिले आणि व्याज साडेआठ टक्के असेल, तर सहा महिन्यांचे सव्वादोन लाखांच्या आसपास जातात. तरी पाच लाखांपेक्षा ते स्वस्तच. मात्र काही रक्कम ताब्यावर राखून ठेवा, नाहीतर सहाचे अकरा महिने होतात.

आकडा ठरताना क्षेत्रफळाचा घोळ होणारच. काका ‘आठशे’ म्हणतात ते जिना धरून, करारात भिंती धरून सव्वासहाशे बिल्टअप, आणि बँकेचा माणूस येऊन कार्पेट मोजतो ते पाचशेच्या घरात. शांत राहा, तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. ‘थोडे रोख’ हा विषय निघालाच तर हसून सांगा की स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दंड आपल्याला नाही, त्यांना, हे ऐकून विषय लगेच बदलतो. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, खरेदी बाईंच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. व्यवहार पन्नास लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे काकांच्या नावे भरायचा आयकर, आपण कापायचा, आणि हे काकांना आधीच सांगायचं. चेक कमी रकमेचा बघून बिघडलेले व्यवहार बरेच आहेत.

इसारपावती झाली की काकांना सगळ्या जुन्या जाहिराती काढायला लावा. त्या निघत नाहीतच. पुढच्याच आठवड्यात एखादा एजंट आपल्याला फोन करून हाच फ्लॅट बारा लाख जास्तीने देऊ करतो, ‘ओनर आपल्या घरचाच आहे’ म्हणतो. त्याला नऱ्हेला काही आहे का विचारावं.