गच्चीवरचा दिवा बंद केला तेव्हा

शनिवारी, १३ डिसेंबरच्या रात्री, मुलुंडच्या आमच्या गच्चीवर आईने आणि मी मिळून तेवीस उल्का मोजल्या. पहिली दिसायला पाऊण तास गेला. उरलेल्या बावीस पुढच्या तीन-साडेतीन तासांत दिसल्या. आभाळ तेच होतं आणि आम्हीही त्याच सतरंजीवर होतो. फरक पडला तो टाकीवरचा दिवा बंद केल्याने. आज त्या दिव्याबद्दलच लिहायचंय.

जेमिनिड्स, म्हणजे मिथुन राशीतून येताना दिसणाऱ्या उल्का. दरवर्षी १३-१४ डिसेंबरला त्यांचा भर असतो. मला हा मुंबईचा हक्काचा उल्कावर्षाव वाटतो. ज्या पर्सिड्स उल्कावर्षावाचं जगभर एवढं कौतुक होतं, तो येतो ऑगस्टमध्ये. तेव्हा आपल्याकडे श्रावण, आभाळ मोकळं मिळालं तर नशीब. डिसेंबरात पाऊस नाही, घाम नाही. उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो आणि एरवी पंख्याखाली झोपणारी माणसं कपाटातून शाली काढतात. शिवाय मिथुन रास रात्री आठच्या सुमारास उगवते, त्यामुळे पहाटेचा गजर लावायची गरज नसते. जेवण उरकावं, भांडी आवरावी आणि वर जावं.

यंदा आई म्हणाली, "मी पण येते." आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते, वरचा एक जिना चढावा लागतो. तो तिने कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून चढला. सतरंजी, दोन गोधड्या, थर्मासमध्ये आलं-गवती चहा घातलेला चहा, आणि आईच्या डोक्याला बाबांची जुनी लोकरीची कानटोपी. ती कानटोपी मी बाबांच्या डोक्यावर शेवटची नीट पाहिली ती २००१ च्या नोव्हेंबरात, वांगणीला. सिंह राशीतला तो मोठा उल्कावर्षाव बघायला आम्ही दोघं शेवटच्या गाडीने गेलो होतो. त्या रात्री मोजायचं आम्ही मध्येच सोडून दिलं, इतक्या उल्का पडत होत्या. आई तेव्हा आली नव्हती. सकाळी डबे करायचे होते.

तर आम्ही सव्वाअकराला वर पोचलो. पाण्याच्या टाकीच्या कडेला सोसायटीने गेल्या वर्षी एक पांढरा एलईडी फ्लडलाइट बसवलाय. गच्चीवरचे नळ चोरीला गेले होते, म्हणून बसवला. कारण रास्त होतं. पण त्याचं तोंड खाली गच्चीकडे नाही, समोर आहे. अर्धा उजेड समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर आणि उरलेला सरळ आभाळात. त्याच्याकडे पाठ करून बसलो तरी आमच्याच सावल्या समोरच्या कठड्यावर पडत होत्या. दिसत काय होतं? गुरू, तो यंदा पुनर्वसूच्या जवळच होता. व्याध. मृगाचे चार खुर, तेही आधी माहीत होते म्हणून सापडले. विमानतळाकडे उतरणारी विमानं मात्र एकामागून एक स्पष्ट. पाऊण तासात एकच उल्का दिसली, तीही मला. आई तेव्हा चहा ओतत होती.

मी खाली गेले. वॉचमनकाकांना म्हटलं, टाकीवरचा दिवा आजच्या रात्रीपुरता बंद करता का? त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला. मध्यरात्री फोन केल्याबद्दल मला फार संकोच वाटला, पण पलीकडून उत्तर आलं, "करा बंद, पहाटे आठवणीने लावा." काकांनी मीटर रूममधला खटका पाडला.

नंतरची वीस मिनिटं मला शब्दांत नीट पकडता येतील की नाही, माहीत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. मोबाइलकडे एकदा बघितलं की ती मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून दोघींचे फोन पिशवीत टाकले. आधी मृगाच्या पोटातला बाण आला, तीन तारे एका ओळीत. मग त्याच्या डोक्याशी बारीकसं काहीतरी. रोहिणीचा तांबूस रंग कळायला लागला. कृत्तिका आधी नुसता पुसट डाग होता, नजर जरा बाजूला ठेवल्यावर त्यात चार तारे सुटे झाले. उत्तरेला ब्रह्महृदय. आई एकेकाचं नाव घेत होती, मी विचारलंही नव्हतं. गुहागरकडच्या घराच्या खळ्यात झोपणारी मुलगी होती ती. लग्न होऊन मुंबईला आली त्याला पन्नास वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून मी 'ब्रह्महृदय' हा शब्द कधी ऐकला नव्हता.

आणि मग डोक्यावरून, पुनर्वसूच्या बाजूने निघून थेट खाडीकडे, एक पिवळसर रेघ. सावकाश म्हणावी इतकी निवांत. आई एवढंच म्हणाली, "गेली." तिच्या लहानपणी तुटलेला तारा दुसऱ्याला बोट करून दाखवायचा नाही, अशी घरात ताकीद होती. पुढचे तीन तास तिने एकदाही बोट उचललं नाही. नुसतं "गेली" म्हणायची आणि मी वहीत रेघ मारायची.

या उल्का निवांत वाटतात त्यालाही कारण आहे. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर. म्हणजे मुलुंडहून निघून एका सेकंदात सीएसएमटी पार. पण सिंह राशीतल्या उल्का याच्या दुप्पट वेगाने येतात, त्यांच्यापुढे या शांतच. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीचे असतात. जेमिनिड्सची धूळ मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या वाटेवरची. तो १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांत सापडला. सुमारे दीड वर्षात तो सूर्याभोवती फेरी मारतो आणि एका टोकाला बुधापेक्षाही आत शिरतो, सूर्यापासून जेमतेम दोन कोटी किलोमीटरवर. त्या वाटेवर पसरलेल्या कणांमधून पृथ्वी दर डिसेंबरात जाते. आपल्याला दिसणारी रेघ बहुतेक वेळा वाळूच्या दाण्याएवढ्या, फार तर हरभऱ्याएवढ्या कणाची असते. इथून लोणावळा जितकं लांब, साधारण तेवढ्याच उंचीवर तो हवेत शिरून तापतो, पेटतो आणि संपतो. एक दाणा तिथे जळतो आणि मुलुंडच्या गच्चीवरच्या म्हातारीला तो दिसतो. मला यातलं नवल अजून ओसरलेलं वाटत नाही.

साडेबाराच्या सुमारास सहाव्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी आपल्या बाबांना घेऊन वर आली. गच्चीवर अंधार का झाला ते बघायला आले होते, मग बसलेच. तिचा पहिला प्रश्न, "काकू, ही उल्का आहे की रॉकेट?" २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी महाराष्ट्राच्या आभाळातून जळत गेलेल्या तुकड्यांचे व्हिडिओ तिने पाहिले होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात तेव्हा धातूचं मोठं कडं पडलं होतं, ते रॉकेटचं. तिला सांगितलं, रॉकेटचे तुकडे रमतगमत, फुटत फुटत जातात, मिनिटभरही दिसतात. उल्का डोळा मिटेपर्यंत संपते. एकच्या पुढे ती तिच्या बाबांच्या मांडीवर झोपली. तोवर तिच्या नावावर सहा झाल्या होत्या.

आता मुद्द्याचं. खऱ्या काळोखात, मिथुन रास डोक्यावर असताना, या वर्षावात तासाला शंभराहून जास्त उल्का दिसू शकतात. आम्हाला तासाला सात दिसल्या. बाकीच्या पडल्याच नाहीत असं नाही. आमच्या डोक्यावर पडल्या आणि आमच्याच उजेडात बुडाल्या. हिवाळ्यात मुंबईवर धुरकट हवा साचते, तिच्यातल्या कणांवर हा सगळा उजेड पसरतो आणि आभाळ राखाडी-गुलाबी होतं. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. म्हणून जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा हे दिवे ताऱ्यांना जास्त मारतात. हवेतली धूळ कमी करायला वर्षं लागतील, खाडी साफ करायला पिढ्या लागतील. पण उजेड ही अशी घाण आहे की खटका पाडला की त्याच क्षणी जाते, मागे गाळ उरत नाही. शनिवारी रात्री मी ती जाताना पाहिली.

"अंधार केला तर चोऱ्या होतील, बायकांनी फिरायचं कसं?" हे मला कोणी सांगायची गरज नाही. वीस वर्षं मी शेवटच्या-आधीच्या गाडीने घरी आलेली बाई आहे. स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर मला उजेड हवाच, आणि आहे त्याहून चांगला हवा. पण तो पायाखाली हवा, येणाऱ्या माणसाच्या तोंडावर हवा. डोळ्यांत मारलेल्या फ्लडलाइटमागे कोण उभं आहे ते तर मुळीच दिसत नाही. दिव्याला वरून टोपी घाला, तोंड जमिनीकडे करा, रंग जरा पिवळसर घ्या, गच्चीवर सेन्सर लावा. माणूस आला की पेटेल. विजेचं बिलही उतरेल. आणि झाडांच्या खोडांना, फांद्यांना वर्षभर गुंडाळलेल्या त्या रंगीत माळा काढा. त्या झाडांत घरटी करणाऱ्या पाखरांना रात्र कधी होते?

यातलं अशक्य काही नाही. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या सुरुवातीला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तो जंगलाला आपोआप मिळालेला नाही. आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली वळवले, तेव्हा मिळाला. मुंबई पेंच होणार नाही, हे मलाही कळतं. पण दिव्यांच्या बाबतीत या शहराला काही वाटतच नाही, हेही खरं नाही. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढी हळहळ झाली, आणि शेवटी पिवळसर दिवे परत आले. राणीच्या हारासाठी आपण भांडलो. त्याच हाराच्या वर कृत्तिका असतात, त्यांच्यासाठी एक अर्ज तरी करावा.

दोनच्या आसपास पूर्वेला चंद्रकोर वर आली. आमच्या गच्चीचं भाग्य म्हणजे पूर्वेला मिठागरं, त्यापुढे खारफुटी आणि खाडी. पलीकडे ऐरोलीचे दिवे, पण मधला तो पट्टा काळा. पूर्व उपनगरांत रात्र अजून शिल्लक आहे ती याच पट्ट्यामुळे. त्या मिठागरांवर घरं बांधायची चर्चा निघाली की पुराबद्दल बोललं जातं, फ्लेमिंगोंबद्दल बोललं जातं, आणि बोललंच पाहिजे. माझी विनंती एवढीच, की त्या यादीत अंधारही लिहा. भरतीचं पाणी जसं तिथे मुरतं, तसा शहराचा उजेडही तिथे थांबतो. कोर त्या काळ्या पट्ट्यावरून उगवली तेव्हा तिचा अंधारातला गोल भागही पुसट दिसत होता. आई म्हणाली, "हा असा चंद्र मी खळ्यातून बघायचे." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. ट्रॅकवरून एक मेल गाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत दोन उल्का झाल्या.

साडेतीनला आईचे हात गार पडले, तेव्हा उठलो. जिना उतरताना ती थांबली नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

रविवारी सोसायटीला अर्ज दिला. टाकीवरचा दिवा खाली वळवावा, त्याला सेन्सर बसवावा, आणि पुढच्या वर्षी १३ व १४ डिसेंबर २०२६ या दोन रात्री तो पूर्ण बंद ठेवून गच्ची सगळ्यांसाठी उघडावी. तेव्हा अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असेल, संध्याकाळची बारीक कोर मावळली की पुढची सगळी रात्र चंद्राविना मिळेल. अर्जावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. पहिली आईची आहे, तिसरी सहाव्या मजल्यावरच्या मुलीची. ती सज्ञान नाही म्हणून चालणार नाही, असं कोणीतरी म्हणालं. मी ती खोडलेली नाही.

तुमच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं विचारून ठेवा.