पाच नंबरचा दात, सात नंबरची रेती

रविवारची दुपार. ताटात उकड्या तांदळाचा भात, माशांचं हुमण, शिंपीसकट शिजवलेल्या तिसऱ्यांची एकशिपी आणि पेल्यात गुलाबी सोलकढी. चौथ्या की पाचव्या शिंपीला डावीकडच्या दाढेत 'कट्ट' झालं. शिंपीचा तुकडा असेल, म्हणून मी तो मोठ्या मनानं चावून गिळून टाकला. मग जीभ फिरवून पाहिली, तेव्हा कळलं की गिळलेला तुकडा माझाच होता.

फोंड्याच्या बाजारात मासेवालीनं "एक कण रेंव ना गो बाय" अशी ग्वाही दिली होती. तरीही हिनं तिसऱ्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या. तशा ठेवल्या की त्या पोटातली रेती थुंकून टाकतात. एखादीच संकोची स्वभावाची निघते आणि ती नेमकी माझ्या ताटात येते.

"रेतीला काय नावं ठेवता? दातच जुने झालेत तुमचे," ही म्हणाली आणि संध्याकाळीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा लहान. तिनं माझी दाढ समोरच्या पडद्यावर मोठी करून दाखवली. पावसाळ्यात पाणी भरलेली चिऱ्याची बंद खाण, दुसरं काही नाही.

"काका, इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनात ९६ टक्के नुसतं खनिज."

आजवर इनॅमल म्हटलं की मला आजोबांचं निळ्या काठाचं टमरेल आठवायचं. टवका उडाला की तिथे गंज धरायचा. माझ्या तोंडातही तेच चाललंय, हे नवीन होतं.

"एवढं कठीण, तर तुटलं कसं?"

"कठीणपणा मोजायच्या मोसच्या मापात इनॅमल पाच. रेतीतली गारगोटी सात."

हिशेब मिटला. पण मुलगी हौशी होती. तिनं कागद ओढला आणि पेन्सिलीनं काड्याच काड्या काढल्या. इनॅमल म्हणे अशा कांड्यांचं बनलेलं असतं. एकेकीची जाडी मिलिमीटरचा दोनशेवा भाग, आणि प्रत्येकीत अतिसूक्ष्म स्फटिक हजारोंनी ठासून भरलेले. वरच्या थरात कांड्या चावायच्या पृष्ठभागाकडे साधारण सरळ उभ्या येतात, म्हणून घासलं तरी झीज कमी. आत मात्र त्या वळसे घेत एकमेकींना ओलांडून जातात. वरून चीर गेली की तिला सरळ वाट सापडत नाही, वळणावळणावर तिचा जोर मोडतो.

मी उठून बसलो. हे मला माहीत होतं! घराच्या भिंती चढत असताना आमच्या गवंड्यानं एक अख्खी दुपार मला हेच ऐकवलं होतं. "पात्रांव, सांध्यावर सांधा आला की भिंत वरपासून खालपर्यंत फाटली म्हणून समजा." म्हणून चिरे सांधेमोड करूनच रचायचे. माझ्या तोंडात सांधेमोड करून बांधलेल्या बत्तीस भिंती होत्या आणि मी त्यांनी सुपाऱ्या फोडत होतो.

"मग त्या गवंड्यांना बोलवा आणि डागडुजी करून घ्या," मी म्हटलं.

"ते नाहीत, काका. इनॅमल बांधणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात."

ही दाढ मला सहाव्या वर्षी आली. म्हणजे गवंडी जाऊन पन्नास वर्षं झाली. आमचा निदान फोन तरी उचलतो, "फाल्यां येतां", उद्या येतो, म्हणतो. आमच्या माळ्यावरच्या उंदराचं बरं आहे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वर इनॅमल फक्त पुढच्या बाजूला. मागची मऊ बाजू आधी झिजते आणि पटाशीला आपोआप धार लागते. ती मी तांदळाच्या पोत्यावर पाहिली आहे.

"रात्री दात खाता का?"

"खातात," ही म्हणाली. "दिवसासुद्धा."

"आणि सोलकढी प्यायल्यावर?"

इथे मी ताठ झालो. "लगेच ब्रश. चांगला खसखसून. लहानपणापासूनची शिस्त."

तिनं पेन्सील खाली ठेवली. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला, म्हणजे आंबटपणा वाढला, की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. आंबट पोटात गेल्यावर वरचा थर जरा मऊ पडलेला असतो. लाळ त्याला कॅल्शियम आणि फॉस्फेट परत देते, पण तिला वेळ द्यावा लागतो. आणि मी त्याच घटकेला ब्रश घेऊन ओल्या गिलाव्यावर चढत होतो, चाळीस वर्षं, दोन्ही वेळा. रेतीच्या कणाचा गुन्हा फक्त शेवटचा. बाकी सगळी शिस्त माझी.

दाढ भरायला वीस मिनिटं लागली. रात्री दातांवर चढवायला प्लास्टिकचं कवच मिळालं. ते घातल्यावर मी हुबेहूब घोळ माशासारखा दिसतो, असं घरात एकमत आहे. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश आणि आंबट खाल्ल्यावर ब्रशला अर्धा तास थांबायचं, ही नवी शिस्त.

आता हुमण-भातानंतरचा अर्धा तास गोव्यात जागेपणी कुणी काढून दाखवावा. पुढच्या रविवारी मी ब्रश हातात घेऊन आरामखुर्चीत बसलो आणि डोळे उघडले ते पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याच्या पोंपोंनी. चहाबरोबर कांकणं आली, बांगडीसारखे गोल पाव, कडकडीत. मी एक उचललं, दाढेपर्यंत नेलं. ही नुसती बघत होती.

मग मी ते चहात बुडवलं.