एक दिवस फुकट जातो म्हणे

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मार्चमधल्या बालीच्या ट्रिपचं चाललंय. दादाने एजंटने पाठवलेला कार्यक्रम टाकला. सहा रात्री सात दिवस, नुसा पेनिडा, जंगलातला तो झोका, रोज रात्री इंडियन जेवण. आणि सगळ्यात खाली टीप: "१९ मार्च टाळा. न्येपी आहे, सगळं बंद असतं, एक दिवस फुकट जातो." त्यावर अकरा अंगठे. अकरा!

यातल्या निम्म्या अंगठेवाल्यांनी मला दहादा ऐकवलंय, "बाली म्हणजे आपलंच गं, घरोघरी देऊळ, दारोदारी गणपती, बघ कशी संस्कृती टिकवलीय." मग त्या आपल्याच माणसांच्या वर्षाचा पहिला दिवस तेवढा नको? १९ मार्चला आपला पाडवा आहे हे तरी कुणी कॅलेंडरात बघितलं का? न्येपी हा त्यांचा पाडवाच की. शकही तोच. त्या दिवशी आपल्याकडे शके १९४८ लागणार आणि तिथेही १९४८च.

(दरवर्षी जुळत नाही, माहितेय. अधिक महिन्याचं त्यांचं गणित वेगळं. २०२४ ला त्यांचा ११ मार्चला झाला, आपला ९ एप्रिलला. लगेच कमेंटमध्ये पंचांग उघडू नका.)

२०२३ ला मी आणि आई बालीत उबुदला होतो. २२ मार्चला दोन्ही एकत्र आले होते. ठरवून नव्हतो गेलो हो, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून गेलो आणि तिथे पोचल्यावर कळलं. आणि तेव्हा मीसुद्धा हेच म्हणाले होते, "गेला एक दिवस." म्हणूनच तर आज एवढं झोंबलं.

ज्यांच्या घरी राहिलो त्या बाईंना सगळे इबू म्हणायचे, आम्हीही. इबूंनी आदल्या दिवशी नियम सांगितले. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही, करमणूक नाही. विमानतळही बंद. मोबाइलचा डेटाही बंद. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार. खिडकीतून उजेड दिसला तर येऊन सांगतात.

त्याच संध्याकाळी ओगोह-ओगोह. बांबू-कागदाचे हे थोरले राक्षस पोरं खांद्यावर घेतात आणि चौकात गरगर फिरवतात, भुतांना दिशा कळू नये म्हणून. मी डोंबिवलीची. पाडवा म्हणजे फडके रोड, ढोल, नऊवारी, बुलेट. मला वाटलं, हां, हे आपल्यासारखंच. आणि सकाळ झाली ती एकदम गप्प.

आईने बॅगेतून तांब्या, खण आणि साखरेची गाठी आणली होती. काठी नव्हती. आदल्या दिवशी दुपारी तिने इबूंना हातवाऱ्यांनी समजावलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. इबू आत जाऊन बांबू घेऊन आल्या आणि त्याला नारळाच्या कोवळ्या पानांची झालर बांधून दिली. तिथे गालुंगानच्या सणाला घरापुढे पेंजोर, म्हणजे सजवलेला बांबू, उभारतात ना, तशी. आता सहाच्या आत उभारायची म्हणजे सूर्योदयाच्या आधी! आई कुरकुरली, "अंधारात कुठे गुढी उभारतात का?" पण उभारली.

परत कार्यक्रमाकडे येते. त्यात 'राइस टेरेस, फोटो स्टॉप, ३० मिनिटं' असं आहे. ते पाणी देवळांच्या साक्षीने वाटून घेणारे सुबाक, म्हणजे शेतकऱ्यांचे गट, ज्यांच्यासाठी युनेस्कोने २०१२ ला बालीतली अशी काही शेतं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांना तीस मिनिटं. झोक्याला दीड तास. उबुदच्या फुटपाथवर आपल्यातल्याच एकाने फोटोत नको म्हणून पूजेची फुलांची द्रोणी, चानांग सारी म्हणतात तिला, बुटाने बाजूला सारली होती. माझ्या डोळ्यांसमोर. आईने ती उचलून परत जागेवर ठेवली. त्याच्या कपाळावर टिळा होता, हे विशेष.

बरं, लहान मुलं असतील तर एक दिवस खोलीत नेटशिवाय काढणं कठीण, मान्य. हॉटेलचे पैसे लागतातच, तेही मान्य. आणि झोक्यावर मीही बसले होते, फोटो आहे, शोधू नका.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी उगाच फोन चालू-बंद करत होते. आई ओसरीवर जप करत बसली, मग झोपली, मग उठून पुन्हा बसली. कुठेतरी कोंबडा आरवला तर दचकायला व्हायचं. संध्याकाळी गुढी उतरवायची वेळ झाली तेव्हा दिवा लावायचा नव्हता. तिने चाचपडत गाठी सोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी इबूंच्या नातीला. मग वर बघितलं. अमावास्या नुकतीच सरलेली, सबंध बेटावर दिवा नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "आमच्या गावाला वीज यायच्या आधी असं दिसायचं."

दादा, सकाळी ग्रुपवर जरा जास्तच बोलले. सॉरी. एजंटचाही दोष नाही, त्याला हेच विचारणारे भेटत असतील. पण तारीख मी बदलत नाहीये. ज्यांना यायचंय त्यांनी १७ लाच पोचा, १८ ला संध्याकाळी मिरवणुकीने रस्ते अडतात. १९ साठी कोरडा खाऊ आणि हवं तर एखादं पुस्तक घ्या, वाचायचं ते उजेड असेपर्यंत.

आई येतेय. गुडघे दुखतात तरी. आत्ता फोनवर विचारत होती, काठी इबूंकडे मिळेल ना, की इथूनच न्यायची.