१८६३ आधी छापील नमुने नव्हते, हे चूक

जुने पोशाख शिवणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘१८६३पूर्वी सगळे कपडे अंदाजानेच बेतले जात, छापील नमुने नव्हतेच.’ हे खरं नाही. १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले, एवढंच बरोबर. पण हुआन दे अल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचं पुस्तक माद्रिदमध्ये १५८० सालीच छापून आलं होतं! कापडाच्या पन्ह्यावर बाही, पाठ, घेराचे तुकडे कसे बसवायचे, याच्या आकृत्या त्यात आहेत. त्या शिंप्यांना अडाणी ठरवलेलं मला खरंच लागतं. आणि बटरिकचा जुना नमुना कोरा दिसला, तर नकली समजून टाकू नका. त्या पातळ कागदावर रेघा नसत. खुणांसाठी फक्त भोकं आणि खाचा असत.