रायगडावर वाडे बांधण्याआधी

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पेढ्यांचे फोटो संपायच्या आत भांडण जुंपलं. निम्मे म्हणे, आता रायगडावरचे वाडे होते तसे उभे करा. उरलेले म्हणे, एका चिऱ्यालाही हात लावायचा नाही.

मी जर्मनीतल्या हायडेलबर्गला राहतो. इथल्या किल्ल्यावरून हेच भांडण सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

आप्पा आले तेव्हा त्यांना आधी नेकार नदीवरचा जुना पूल दाखवला, मग वर किल्ल्यावर नेलं. फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये किल्ला उद्ध्वस्त केला. १७६४ मध्ये वीज पडून उरलंसुरलं जळालं. पुढे गावकरी घरं बांधायला इथलेच दगड नेऊ लागले. (आपल्याकडे गडांच्या पायथ्याच्या गावांत काय वेगळं झालं?) त्यांना अडवायला उभा राहिला तो ग्रेमबेर्ग, आणि तो फ्रेंच! १८१० मध्ये चित्रं काढायला आला तो इथलाच झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीडरिशच्या नावाचा वाडा दुरुस्त करून नव्यासारखा केला. मग शेजारच्या ऑटहाइनरिशच्या वाड्यालाही छप्पर घालायचं ठरू लागलं. तेव्हा १९०१ मध्ये गेओर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराने ठणकावलं: जपा, नव्याने घडवू नका. तो वाडा आजही बिनछपराचा आहे. दर्शनी भिंतीवर कोरीव पुतळे आणि वरच्या खिडक्यांतून थेट आभाळ.

मी डेहिओच्या बाजूचा. पुन्हा बांधणं हे पापच, असं मात्र नाही. ड्रेस्डेनचं युद्धात कोसळलेलं फ्राउएनकिर्श हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पण तिथे जुने दगड राखलेले होते, मोजमापं होती, फोटो होते. रायगडावर १८१८ च्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात वाडे जळाले. राहिली ती जोती. खांब कसे होते, छपराचा उतार किती, याचे नेमके आराखडे आपल्याजवळ नाहीत. मग उभा राहील तो सिनेमाचा सेट.

‘हात लावू नका’ वाल्यांचंही मला पटत नाही. पडका किल्ला पडका ठेवायलाही रोज राबावं लागतं: सांधे भरा, झुडपं काढा, पाण्याला वाट द्या. बुरुजात पिंपळ रुजला की तो कुणाची परवानगी मागत नाही. जागतिक वारशाच्या नावाने पैसे आलेच, तर ते आधी चुन्यावर, गवंड्यांवर आणि कुठल्या जोत्यावर काय होतं ते नीट सांगणाऱ्या पाट्यांवर जावेत. रोषणाई नंतर.

तळघरातलं १७५१ चं दोन लाख लिटरांहून मोठं वाइनचं पिंप बघून आप्पा खूश झाले. पण थांबले ते सुरुंगाने उडवलेल्या बुरुजापाशी. साडेसहा मीटर जाडीची भिंत. तिचा अख्खा तुकडा खंदकात पडला तो तसाच पडून आहे. ‘उचलला नाही?’ ते म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

तो फोटो मी गटावर टाकला. पहिलं उत्तर आलं, ‘तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय?’ लिहिणारा दर महिन्याला एक रविवार गडावरची टाकी उपसतो. मी गेली नऊ वर्षं रायगड चढलेलो नाही.